पत्रा काढून वीट लावताय? आधी पाया बघा

पत्र्याच्या जागी विटेची भिंत घालायची म्हणताय, चांगलंच आहे. पण पत्रा लोखंडी अँगलवर लटकतो. साडेचार इंची भिंतीचं वजन मात्र चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातं, आणि ते पायावरच यायला हवं. नुसत्या फरशीवर वीट उभी करू नका, गवंडी कितीही म्हणाला तरी. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला तडे जातात ते तिच्यामुळेच. मुरूम लागेपर्यंत खणा.

वीट दुसऱ्या विटेवर वाजवून घ्या, खणखणीत आवाज आला पाहिजे. लावण्याआधी ती पाण्यात भिजवा, कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी ओढून घेते. साडेचार इंची भिंतीला माल एकास चार ठेवा, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. दिवसात दीड मीटरच्या वर चढू नका.

नळाचं पाणी आपल्याकडे रोज कुठे येतं! टाकी भरून ठेवूनच काम काढा, कारण निदान सात दिवस भिंत ओली राहिली पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात तर ओलं गोणपाटच लटकवा. जमलं तर दिवाळीनंतरच सुरू करा.

आणि छपराला टेकू दिल्याशिवाय जुने अँगल कापू नका.