दिलेलं कव्हर खणात का गेलं?

प्रिय ताई,
नणंदेशी माझं छान जमतं, पण एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. तिच्या मागच्या वाढदिवसाला मी फोनचं कव्हर दिलं होतं. आत रंगीत पाणी आणि चमकी, फोन हलवला की चमकी खाली-वर तरंगते, तसं. खूप शोधून घेतलं होतं. ‘वहिनी, कसलं भारी आहे!’ म्हणाली, दोन दिवस लावलं आणि पुन्हा आपलं जुनंच चढवलं. ते जुनं कधीकाळी पारदर्शक होतं. आता पिवळं पडलंय, एक कोपरा फाटलाय, मागे बोट अडकवायची अंगठी चिकटवलेली आहे. मी दिलेलं कव्हर खणात पडलेलं दिसलं. कुणाला बोलले नाही. आता ती नोकरीसाठी परगावी चाललीय. फोनसाठीच छानसं काही द्यावं असं मनात आहे, पण धीर होत नाही. नवरा म्हणतो, पैसे दे, तिचं ती घेईल. मला ते पटत नाही. सासऱ्यांनाही सोबत काही घ्यायचंय. त्यांच्यासाठी चुंबकाने बंद होणारं, कार्डं ठेवता येणारं पाकिटासारखं कव्हर पाहून ठेवलंय. पेसमेकर बसवल्यापासून ते फोन कायम शर्टाच्या खिशात ठेवतात, म्हटलं जरा देखणं असू दे. दोघांसाठी काय घेऊ?
– एक वहिनी

प्रिय वहिनी,

आधी सासऱ्यांचं बोलते, कारण ते थांबण्यासारखं नाही. चुंबकाचं कव्हर घेऊ नकोस. घेऊन झालं असेल तर परत कर.

पेसमेकरला चुंबक कळावं अशी सोय त्यात मुद्दाम केलेली असते. तपासणीच्या वेळी डॉक्टर छातीवर चुंबक धरतात, तेव्हा पेसमेकर हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यांकडे न बघता एका ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो. दवाखान्यात ही सोय उपयोगाची असते, घरात नकळत तसं घडलेलं बरं नाही. कव्हरच्या झाकणातलं चुंबक लहान असतं, दर वेळी काही होईलच असं नाही. पण पेसमेकर बहुतेक वेळा डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली असतो आणि शर्टाचा खिसाही डावीकडेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये सल्ला दिला, की जोरदार चुंबक असलेले फोन आणि घड्याळं अशा उपकरणांपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवावीत. २०२० च्या आयफोन १२ पासून बऱ्याच फोनच्या पाठीतच चुंबकांचं कडं येतं. ॲपलही आपल्या ग्राहकांना तेच १५ सेंटिमीटर सांगते, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटर. म्हणजे कव्हर कुठलंही असो, फोनची जागाच बदलायला हवी. पँटच्या खिशात ठेवा म्हणावं. चुंबक दूर गेलं की पेसमेकर पुन्हा नेहमीसारखा चालतो, त्यामुळे आजवर खिशात ठेवला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पुढच्या तपासणीला त्यांच्या डॉक्टरांना मात्र आठवणीने विचारा. गळ्यात अडकवायचा पट्टाही त्यांच्यासाठी नको, फोन नेमका छातीवरच लोंबतो.

मग त्यांना काय द्यायचं? हातातून न निसटणारं, खरखरीत पाठीचं, कडा पडद्याच्या वर किंचित उठलेलं साधं कव्हर. रंग ठळक घे, सोफ्यावर ठेवलेला फोन लांबून दिसायला हवा. आणि जोडीला टेबलावर ठेवायचा स्टँड, ज्याला खालून नुसता ओठ असतो आणि फोन त्यात टेकतो तो. चुंबकाने फोन धरून ठेवणारा नको. लेक परगावी गेल्यावर व्हिडिओ कॉल वाढणार. मान खाली घालून, हात उचलून धरून बोलण्यापेक्षा समोर ठेवून बोलणं त्यांना फार सुखाचं होईल. लाकडी किंवा धातूचा घेतलास तर दिसायलाही सुरेख दिसतो.

आता नणंदेकडे वळू. तू लिहिलेलं तिच्या जुन्या कव्हरचं वर्णन मी दोनदा वाचलं, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसलं. पारदर्शक कव्हर घेणाऱ्या माणसाला बहुधा फोनचा मूळ रंग आवडलेला असतो. तिनं तो रंग निवडून घेतला असेल, आणि चमकीच्या पाण्याखाली तो झाकला गेला. दुसरी खूण अंगठीची. एका हाताने फोन वापरणारी, आडवं पडून बघणारी, गर्दीत उभ्याने मेसेज करणारी माणसं अंगठी लावतात आणि मग त्यांना तिच्याशिवाय चैन पडत नाही. चिकटवलेली अंगठी उपटून दुसऱ्या कव्हरला लावली तर धड बसत नाही. तुझं कव्हर तर जाडही होतं आणि जडही. दोन दिवस तिनं लावलं ते तुझ्यासाठी, आणि तिसऱ्या दिवशी बोटांना सवयीची जागा हवी झाली. तिला ते कुरूप वाटलं किंवा तुझी किंमत तिला नाही, असं यातून काही निघत नाही. ‘वहिनी, हे मला जड होतंय’ असं तोंडावर सांगणं तिला जमलं नाही, एवढंच मला दिसतं. तुलाही विचारणं जमलं नाही. दोघी एकमेकींना जपत राहिलात आणि गैरसमज मधेच राहिला.

त्या चमकीच्या कव्हराबद्दल एक सांगून ठेवते, कारण अशी कव्हरं अजूनही सर्रास भेट दिली जातात. आतला द्रव नेहमीच निरुपद्रवी नसतो. २०१७ मध्ये अमेरिकेत अशी अडीच लाखांवर कव्हरं परत मागवावी लागली, कारण ती फुटून गळलेल्या द्रवाने लोकांची कातडी भाजली होती. खणातल्या कव्हराला बारीकशी चीर दिसली तरी ते टाकून द्यायला सांग.

फोनला लावायच्या वस्तूची निवड डोळ्यांनी करतो आपण, पण ती दिवसभर हाताळली जाते. म्हणून देखणेपणाच्या आधी हात बघायचा. तुझ्या नणंदेचा हात तर तुझ्या रोजच्या बघण्यातला आहे. तिच्यासाठी पुन्हा पारदर्शक कव्हरच घे, पण चांगल्यातलं. पूर्ण मऊ, रबरासारखी पारदर्शक कव्हरं ऊन आणि उष्णतेने लवकर पिवळी पडतात. पाठ कडक पॉलिकार्बोनेटची आणि कडा मऊ, असं जे मिळतं त्याची पाठ बराच काळ स्वच्छ राहते आणि पडल्यावर कडा धक्का झेलतात. त्यावर नवी अंगठी लावून दे, आणि शोभा तिथेच आण: घासलेल्या धातूची, तिच्या फोनच्या रंगाला खुलवणारी. तिच्या फोनच्या पाठीत चुंबकाचं कडं असेल तर चुंबकी अंगठी आणि चुंबकी कव्हर घे, म्हणजे वायरलेस चार्जिंगच्या वेळी अंगठी काढून ठेवता येईल. चिकटवलेली मधे येते. फक्त ती घरी येईल तेव्हा हा फोन बाबांच्या छातीजवळ जाणार नाही एवढं तिच्याही कानावर घाल.

फोनचं नेमकं मॉडेल कळल्याशिवाय काही विकत घेऊ नकोस. एकाच नावाच्या फोनला पुढे प्रो, प्लस, अल्ट्रा लागलं की कॅमेऱ्याची जागा आणि आकार बदलतो, आणि कव्हर अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तरी बसत नाही. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडलं की पूर्ण नाव दिसतं. हे काम नवऱ्यावर सोपव. भावाने बहिणीचा फोन हातात घेतला तर कुणाला संशय येत नाही. पडद्याची काच भेट म्हणून देऊ नकोस. पडद्याखाली बोटाचा ठसा ओळखणाऱ्या काही फोनना जाड काच चालत नाही, आणि पाकिटावरच्या ‘९एच’चा अर्थ पेन्सिलने ओरखडा पडत नाही इतकाच आहे.

परगावी जाणार म्हणालीस, तर कव्हरच्या जोडीला एक लांब, विणलेली केबल दे, दोन मीटरची. भाड्याच्या खोलीत प्लग पलंगाजवळ असेलच याची खात्री नसते. विणलेल्या केबली सुंदर रंगांत येतात आणि टोकाशी लवकर तुटत नाहीत. २०२३ पासून आयफोनलाही यूएसबी-सीच आलंय, त्यामुळे तोंडाचा घोळ कमी झाला आहे, तरी तिच्या फोनचं तोंड बघून घे. केबलवर ६० वॅट किंवा जास्त लिहिलेलं असू दे.

पॉवर बँक द्यायची तर १०,००० एमएएचची पुरे. लिहिलेली सगळी शक्ती फोनमध्ये उतरत नाही, तिसरा हिस्सा तरी वाटेत जातो, पण साधारण फोन एकदा पूर्ण भरून वर थोडी उरते आणि पर्समध्ये ओझं होत नाही. विमानाने जाणार असेल तर ती हातातल्या बॅगेत ठेवायची, सामानात देऊन चालत नाही. नाव नसलेली, फुगीर आकडे छापलेली स्वस्त पॉवर बँक मात्र कितीही गोंडस दिसली तरी घेऊ नकोस. अशी वस्तू रात्री उशाशीच पडलेली असते, म्हणून ती भरवशाचीच हवी.

नवरा पैसे दे म्हणतो त्यात वाईट काही नाही, पण तुला स्वतः निवडून द्यायचं आहे हे तुझ्या पत्रात ओळीओळीला दिसतं, आणि ती इच्छा दाबू नकोस. धास्ती वाटत असेल तर तिलाच विचार. ‘मागचं तुला जड झालं का गं? या वेळी दोघी मिळून बघू,’ एवढं म्हटलंस की ती मोकळी होईल. अचानक देण्यातली गंमत जाईल, हे खरं आहे. मला विचारशील तर तिच्यासोबत बसून अंगठीचा रंग ठरवण्यात जास्त मजा आहे, आणि जायच्या आधी तुम्हा दोघींना एक संध्याकाळही मिळेल.

विचारायचं नसेल, तर निदान भावाकडून एवढं काढून घे, की पहिल्या पगारात नवा फोन घ्यायचा तिचा बेत आहे का. असेल तर कव्हर आणि अंगठी आत्ता राहू दे, नवा फोन आला की पाठव. केबल आणि पॉवर बँक तिला जाताना दे, तोंड यूएसबी-सीचं असेल तर त्या पुढच्या फोनलाही चालतील.

तुझी,
ताई