ख्रिस्तात आश्रय घ्यायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं? (प्रश्नकर्ते निपाणीचे, कर्ज आणि वडिलांच्या आजारपणाने खचलेले)

रोज रात्री आपलं ओझं नाव घेऊन, मोठ्याने, प्रभू येशूला सांगायचं: कर्जाचा आकडा, वडिलांचं दुखणं, सगळं. शब्द सुंदर असावे लागत नाहीत. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात, नावेत असताना वादळाने घाबरलेले शिष्य झोपलेल्या येशूला उठवून जवळजवळ जाबच विचारतात, आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का? तो आधी वादळ शांत करतो, मग त्यांच्या विश्वासाबद्दल विचारतो. हा क्रम मला फार धीर देतो. शब्दच सुचले नाहीत तर बायबलमधलं 46वं स्तोत्र वाचा, ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत. आपल्याकडे उपासना कन्नडमध्ये आणि घरची बोली मराठी असं पुष्कळांचं असतं. खानापूर भागातल्या घरगुती प्रार्थनासभांत अनेक वर्षं बसून हेच टिकताना पाहिलंय. मात्र आश्रय म्हणजे संकट टळेल अशी हमी नव्हे; 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे. वडिलांची औषधं अजिबात बंद करू नका, आणि कर्जाचं पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) किंवा मंडळीतल्या एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्यांना याच आठवड्यात सांगा.