गरम पाण्याची तक्रार

न्यू जर्सीतील ताई,

तुमच्या 19 वर्षांच्या मुलाला चार महिन्यांपासून अधूनमधून दिवसदिवस उलट्या होतात, एन्डोस्कोपीत काही निघाले नाही आणि मध्यंतरी त्याच्या बॅगेत गांजाच्या अर्काची वाफ ओढायचे व्हेप पेन सापडले, असे तुम्ही लिहिता आणि त्याच्या मनावर कसला ताण असेल, असे विचारता. मी मात्र तुम्ही जाता जाता केलेल्या तक्रारीपाशी थांबले: तो रात्री-अपरात्री तासन्‌तास कढत पाण्याखाली उभा राहतो आणि घरातले गरम पाणी संपवतो.

ताई, ही बेफिकिरी नव्हे. दीर्घकाळ, बहुधा रोज गांजा घेणाऱ्या काहींना उलट्यांचा एक विकार जडतो, त्याची ही ओळखीची खूण आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडजवळच्या डॉक्टरांनी 2004 मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हाच हे रुग्ण वारंवार गरम पाण्याने अंघोळ करतात असे त्यांनी नोंदवले होते, कारण तेवढ्यापुरती मळमळ शमते. उलटीची नेहमीची औषधे अनेकदा पुरी पडत नाहीत. पेनमधला अर्क साध्या गांजाहून कितीतरी तीव्र असतो आणि वास फारसा येत नसल्याने मुलगा दिवसातून किती वेळा ओढतो, हे घरात कळतही नाही. शरीरातले पाणी आणि क्षार घटत गेले, तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

आणि डॉक्टर आपल्याच मराठी मंडळातले, म्हणून पेनची गोष्ट तुम्ही त्यांच्यापासून लपवलीत. याचा मला राग आला आहे. मंडळात चर्चा होईल या भीतीपायी तुम्ही मुलाच्या घशातून नळी जाऊ दिली, पण ते एक वाक्य बोलला नाहीत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मुलगा सज्ञान असल्याने त्याच्या संमतीवाचून ते तुम्हालाही काही सांगणार नाहीत.

याच आठवड्यात त्याला त्यांच्याकडे न्या आणि तुम्ही बाहेर बसा. केव्हापासून, दिवसातून किती वेळा, पेन कुठून आणले, हे सारे त्याला स्वतः सांगू द्या. तुमच्या राज्यात 21 वर्षांखालील मुलाला दुकानातून ते विकता येत नाही, म्हणजे माल बहुधा चोरटा असणार. 2019-20 मध्ये अमेरिकेत अशाच पेनांच्या अर्कात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थाने अनेकांची फुप्फुसे निकामी केली आणि माणसे दगावली. तेव्हा खोकला किंवा धाप असेल, तर तेही बोलायला हवे.

हा विकार गांजा पूर्ण सोडल्यानेच जातो, नुसता कमी करून नाही. सुरुवातीला त्याची झोप उडेल, चिडचिड वाढेल. त्यासाठीही डॉक्टरांचीच मदत घ्या. भेटीआधीच उलट्या सुरू झाल्या आणि घोटभर पाणीही पोटात ठरेना, तर थेट इमर्जन्सीत जा आणि तिथे पोचताच पेनबद्दल सांगा.