वडोदऱ्यात गिटारसाठी स्वस्तातलं स्टिरिओ रोटरी पेडल कोणतं घ्यावं?
आधी सांगा, स्टिरिओसाठी दोन अँप (गिटारचे स्पीकर) आहेत का? गेल्या गणपतीत दांडिया बाजारच्या मांडवात साउंडवाल्याने माझ्या दोन्ही केबली मिक्सरवर मोनो केल्या, म्हणजे एकत्र करून एकच आवाज केला. स्टिरिओ गेलं पाण्यात!

रोटरी पेडल लेस्ली या फिरत्या स्पीकरची नक्कल करतं. खऱ्या लेस्ली स्पीकरमध्ये वरचा भोंगा आणि खालचा ड्रम वेगवेगळे फिरतात. संथ असताना मिनिटाला साधारण ४०-५० फेरे, जलद असताना ४००च्या आसपास. गंमत वेग बदलतानाच आहे. हलका भोंगा झटकन वेग घेतो, जड ड्रम मागून रेंगाळत येतो. म्हणून पायाने संथ-जलद करता येतं का आणि ही चढउतार ऐकू येते का, ते दुकानात वाजवूनच बघा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं लेस्टर के हे रोटरी पेडल मला पटतं. दोन आउटपुट, पेटीही आटोपशीर. नुसत्या कोरस पेडलवर (सूर किंचित हलवून आवाज भरदार करणाऱ्या) मात्र भागवू नका.