कम्युनिटी कॉलेजला गेला म्हणजे मागे पडला का?

"ताई, आता चांगल्या युनिव्हर्सिटीचं विसरायचं का हो?" एवढं विचारेपर्यंत त्या आईंचा आवाज भरून आला. बे एरियातलं मराठी कुटुंब, मुलाला (निखिल म्हणूया, नाव बदललंय) बारावीनंतर हवं तिथं मेकॅनिकल मिळालं नाही म्हणून तो आमच्या कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, मी इथं मुलांना कोर्स निवडायला मदत करते) आला. मंडळाच्या गणपतीत सगळे विचारतात कुठं ॲडमिशन झाली आणि ह्या विषय बदलतात. ऐकून खरंच वाईट वाटलं, कारण कॅलिफोर्नियात दोन वर्षं इथं शिकून मग युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर व्हायचा हा रस्ता मुद्दाम बांधलेला आहे, यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) ट्रान्सफर होऊन येणाऱ्या मुलांमधे बहुतेक सगळी कम्युनिटी कॉलेजचीच असतात आणि डिग्रीवर नाव युनिव्हर्सिटीचंच येतं.

आईंना काळजी कॉलेजच्या नावाची, मला लागली निखिलच्या कोर्सेसची. (इथं मुलाच्या परवानगीशिवाय आईवडलांसमोर त्याचे मार्क काढता येत नाहीत, त्यानं लगेच दिली.) पहिल्या क्वार्टरला (तीनेक महिन्यांचं सत्र) घेतलं काय तर इंग्लिश, सायकॉलॉजी, आर्ट हिस्ट्री. मित्र म्हणाले आधी जनरल एज्युकेशन, म्हणजे सगळ्यांना लागणारे सर्वसाधारण विषय, उरकून टाक. गणित नाहीच!

मी असिस्ट डॉट ऑर्ग ही वेबसाइट उघडली, त्यात डावीकडे युनिव्हर्सिटीला मेकॅनिकलसाठी काय लागतं आणि उजवीकडे आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स त्याजागी चालतो ते दिसतं. प्रिंट काढून हायलायटर त्याच्या हातात दिला, म्हटलं झालेलं रंगव. एका ओळीवर पिवळा पट्टा ओढला आणि हात तिथंच थांबला. "मॅडम, बाकी काहीच नाही?"

इंजिनिअरिंगवाल्यांनी हे नीट ऐका. कॅल्क्युलसचे चार कोर्स, वर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जेब्रा, एकेक करत गेलात तर सहा क्वार्टर, आणि दोन वर्षांत उन्हाळा सोडून क्वार्टर असतात सहाच, त्यातलं एक गेलेलं. फिजिक्स तर कॅल्क्युलस सुरू झाल्याशिवाय हातच लावू देत नाही. म्हणून आम्ही उन्हाळ्यातही गणित ठेवलं, शेवटचे दोन एकत्र घेतले, जनरलचे राहिलेले मधेमधे बसवले. उन्हाळ्यात पुण्याला आजीकडे जायचं ठरलं होतं ते रद्द झालं, त्याचं त्याला फार लागलं. मलाही.

आता टॅगचं. टॅग म्हणजे ट्रान्सफरच्या मुलांना ॲडमिशनची हमी, ती ९ पैकी ६ यूसी कॅम्पस देतात, बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. एकाच कॅम्पसचा भरता येतो, तोही १ ते ३० सप्टेंबरमधेच, आणि कॉम्प्युटर सायन्सला बऱ्याच ठिकाणी चालतच नाही, तेव्हा आपल्या मेजरचं (मुख्य विषयाचं) आधी बघा. टॅग भरला तरी नेहमीचा अर्ज वेगळा करावाच लागतो, हे विसरलेली मुलं मी पाहिली आहेत, फार जीव तुटतो. निखिलनं मर्सेडचा टॅग भरला आणि नेहमीच्या अर्जात डेव्हिस, सॅन डिएगोही टाकले.

एप्रिलमधे डेव्हिसचं हो आलं. आई पेढे घेऊन आल्या, मी पेढा घेतला आणि निखिलला म्हटलं, बाळा, स्प्रिंगचे तीन कोर्स अजून चालू आहेत ना, त्यात नापास झालास किंवा एखादा सोडलास तर ही ऑफर परत जाऊ शकते, तर जूनपर्यंत अभ्यास सोडायचा नाही.