धुरके पडते की साचते?

प्रश्न असा आहे: ‘मुंबईवर धुरके पडले’ हे वाक्य बरोबर का? ‘स्मॉग’ला धुरके म्हणावे, धूरके म्हणावे की धूम्रधुके? आणि ‘ॲसिड रेन’साठी ॲसिडचा पाऊस, अम्लवर्षा, आम्लवर्षा, आम्लपर्जन्य यांतले काय घ्यावे?

आधी थोडक्यात उत्तर. धुरके लिहावे, त्यातला ‘धु’ ऱ्हस्व. ते ‘पडले’ म्हणण्यापेक्षा ‘साचले’ किंवा ‘दाटले’ म्हणावे. ‘ॲसिड रेन’ला आम्लवर्षा चांगला शब्द आहे, बर्फ आणि गाराही त्यात धरायच्या असतील तर आम्लवृष्टी. आता कारणे.

इंग्रजी ‘स्मॉग’ हा ‘स्मोक’चे डोके आणि ‘फॉग’चे शेपूट जोडून केलेला शब्द. हेन्री दे व्हो या लंडनच्या डॉक्टरांनी १९०५ साली एका आरोग्य परिषदेत तो वापरला आणि तेव्हापासून तो रुळला. मराठीत हीच जोडणी जास्त सहज बसते, कारण धूर आणि धुके दोन्ही ‘ध’नेच सुरू होतात. धुर + के. शिवाय ‘धुरकट’ हे विशेषण आपल्या तोंडात आधीपासून होतेच, त्यामुळे धुरके नवखे वाटत नाही. नव्या पारिभाषिक शब्दाच्या वाट्याला असे भाग्य क्वचित येते.

‘धूर’मधला ऊ दीर्घ आहे तो शब्द अकारान्त आहे म्हणून. पुढे काही जोडले की तो ऱ्हस्व होतो: धुराने, धुराडे, धुरकट. म्हणून धुरके; ‘धूरके’ चूक. ‘धूसर’, ‘धूम्र’ तत्सम असल्याने दीर्घच राहतात. रूपे धुक्यासारखीच चालवावीत: धुक्यात तसे धुरक्यात, धुक्याचा तसे धुरक्याचा. ‘धूम्रधुके’ मला पटत नाही. संस्कृतात धूर म्हणजे धूम. धूम्र म्हणजे धुराच्या रंगाचे. धूम्रपान मराठीत पक्के झाले आहे, त्याला हात लावायचे कारण नाही, पण नवा शब्द घडवताना ती सैल जोडणी पुन्हा कशाला?

खरी मेख क्रियापदात आहे. दव पडते, थंडी पडते, धुके पडते, म्हणून ओघाने धुरकेही पडते असे लिहिले जाते. पण धुरके वरून येत नाही. ते खालीच तयार होते आणि वर जाता येत नाही म्हणून साचते. एरवी जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची थंड असते. उबदार हवा वर चढते, सोबत धूरही नेते. थंडीच्या शांत रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरचा थर त्या मानाने उबदार राहतो. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा हा थर बसतो. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर असेच झाकण बसले होते. घराघरांतल्या शेगड्यांचा आणि वीजकेंद्रांचा कोळशाचा धूर खालीच कोंडला, आणि त्या काळात सुमारे ४,००० माणसे जास्तीची मेली. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ चा स्वच्छ हवा कायदा त्यातूनच आला. अशा वेळी धुरक्याचे थेंब नुसत्या पाण्याचे नसतात. धुराच्या कणांभोवती बाष्प जमते, कण फार म्हणून थेंब बारीक आणि पुष्कळ, त्यामुळे साध्या धुक्यापेक्षा ते दाट होते आणि जास्त वेळ टिकते. त्याच थेंबांत सल्फर डायऑक्साइड विरघळतो आणि सल्फ्युरिक आम्ल होते.

‘ऊन चढले की धुरके विरेल’ हे वाक्यही जपून वापरावे. लंडनच्या प्रकाराला ते लागू पडते. लॉस एंजेलिसच्या प्रकाराला उलटे आहे: तिथे ऊनच धुरके घडवते. वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडले की ऑक्सिजनचा एक अणू सुटतो, तो हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि ओझोन तयार होतो. पेट्रोलची वाफ आणि अर्धवट जळलेले इंधन हे चक्र चालू ठेवतात. म्हणून हा ओझोन दुपारी चढतो. आरी हागेन-स्मिट या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास हे उलगडले. त्याआधी तो अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता. ओझोन किती आहे हे पाहण्याची त्याची रीत डोळ्यांनी दिसणारी होती: रबराची पट्टी वाकवून, ताण देऊन हवेत ठेवायची आणि तिला चिरा पडायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. चिरा लवकर, तर ओझोन जास्त. या धुरक्यात खरा धूरही थोडा आणि धुके तर नाहीच. दिसतो तो तपकिरी पडदा. त्याला ‘प्रकाशरासायनिक धुरके’ म्हणतात ते ठीक आहे, फक्त त्याच्यासोबत ‘विरले’ लिहायच्या आधी घड्याळ पाहावे.

आता मुंबई. हवामानशास्त्रात दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली तरच धुके म्हणतात. मुंबईत हिवाळ्यात समोरच्या इमारती फिकट दिसतात तेव्हा दृश्यमानता बहुतेक वेळा यापेक्षा बरीच जास्त असते. म्हणजे काटेकोर बोलायचे तर ती नुसती धूसर किंवा धुरकट हवा. बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर, आणि दमट हवेत फुगलेले कण, असे तिचे घटक. धुळीचा भाग मोठा असेल तर सरळ ‘धुळकट’ म्हणावे. धूळ आणि धूर यांचे उपाय वेगळे असतात, शब्द वेगळे ठेवले तर तेही लक्षात राहते. सकाळी दमट हवेत सगळे एकत्र आलेले असेल तर ‘मुंबईत धुरके साचले’ लिहायला माझी हरकत नाही.

‘ॲसिडचा पाऊस’ मात्र टाळावा. मराठी घरात ‘ॲसिड’ म्हणजे फरशी धुण्याचे किंवा बातमीतल्या हल्ल्याचे, कातडी जाळणारे. हा पाऊस तसा नसतो. शेतकरी ज्याला मातीचा सामू (पीएच) म्हणतात तोच सामू पावसालाही लावतात. ७ म्हणजे उदासीन, आकडा जितका खाली तितके आम्ल जास्त. अगदी स्वच्छ हवेतल्या पावसाचाही सामू साधारण ५.६ असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. सामू त्याच्या खाली गेला की आम्लवर्षा. ही मोजपट्टी दहा-दहा पटींची आहे: ४.६ चा पाऊस ५.६ च्या दहापट आम्ल. तरीही ४ चा पाऊस टोमॅटोच्या रसाइतकाच आंबट, लिंबाइतका नाही. अंगावर पडला तर कळणारही नाही.

आंबट शब्दाचे मूळ संस्कृत ‘अम्ल’च. म्हणून ‘अम्लवर्षा’ व्याकरणाने चुकीची नाही, पण मराठी शाळेत आम्ल, आम्लारी, क्षार ही त्रयी ठरली आहे; एका विषयात दोन वर्णलेखन नकोत. याच कुळातला एक शब्द शेतात अजून जिवंत आहे: हरभऱ्याची आंब. फुलावर आलेल्या हरभऱ्यावर रात्री पांढरे फडके अंथरायचे, पहाटे दवाने भिजले की पिळून घ्यायचे. पानांवरच्या बारीक लवेतून पाझरणारे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल दवात उतरलेले असते. आकाशातून येणारे आंबट पाणी समजावायला यापेक्षा जवळचे उदाहरण मला माहीत नाही. फरक एवढाच की आंब झाड स्वतः सोडते, आम्लवर्षा झाडाकडून घेते.

काय घेते? मातीतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेते आणि तिथे अडकलेले ॲल्युमिनियम मोकळे करते. ते मुळांना इजा करते, ओढ्यात उतरून माशांच्या कल्ल्यांवर बसते. म्हणून ‘आम्लवर्षेने झाडे जळाली’ हे बहुतेक ठिकाणी चूक. झाडे खंगली म्हणावे. संगमरवराचेही तसेच. सल्फ्युरिक आम्लाने त्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचे जिप्सम होते. पावसाने धुतल्या जाणाऱ्या भागाची झीज होते, आडोशाच्या भागावर काजळी धरून काळी खपली बसते आणि नंतर ती दगडाचा थर घेऊन सुटते. तेव्हा संगमरवर ‘झिजला’, ‘खपली धरली’.

नॉर्वे-स्वीडनबद्दल लिहिताना ‘वर्षा’ आणि ‘पर्जन्य’ दोन्ही अपुरे पडतात. तिथे हिवाळाभर बर्फात आम्ल साठते आणि वसंतात बर्फ वितळताना ते एकदम ओढ्यांत येते, नेमके माशांची अंडी-पिल्ले नाजूक असताना. भूगोलाच्या पुस्तकात पाऊस, बर्फ, गारा सगळ्यांना मिळून वृष्टी म्हणतात, म्हणून आम्लवृष्टी. पाण्याशिवाय कोरडे बसणारे कण आणि वायू धरायचे तर ‘आम्लनिक्षेपण’. शब्द जड आहे, पण वस्तू खरी आहे.

आपल्याकडच्या पावसाबद्दल लिहिताना आणखी एक ध्यानात असू द्या. भारतात हवेतली चुनखडीयुक्त धूळ बरेच आम्ल मारते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पावसाचा सामू ५.६ च्या वर सापडतो. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडी असल्याने तीही तग धरते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीला तो आधार नाही. स्वतः मोजायचे असेल तर भांडे आदल्या रात्रीपासून उघडे ठेवू नका. त्यात धूळ बसते आणि सामू खोटा वर जातो. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने विसळलेले प्लास्टिकचे भांडे, जमिनीपासून मीटरभर उंच, सर सुरू होताना ठेवायचे आणि सर थांबताच झाकायचे.

जाता जाता: वायू एकटा असताना दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व. वायुप्रदूषण.