सामोआचे पानी पोपो (नारळाच्या रसातले गोड बन) घरी केले, पण तळाशी ओले राहिले. रस कमी करू का?

तुम्ही लिहिलंय की बन वरून छान लालसर झाले, पण खालून ओले लागले म्हणून ट्रे आणखी पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवला. मग रस दिसेनासा झाला, कडेला तेल सुटलं आणि बन चिवट झाले. आता पुढच्या खेपेला रस निम्मा करावा का, हा तुमचा प्रश्न.

निम्मा करू नका. पहिल्यांदा बाहेर काढलात तेव्हा तुमचे बन बहुधा झालेले होते.

पानी पोपो लादीपावासारखा खालून कोरडा निघत नाही, आणि निघायलाही नको. वरचा भाग पावाचा, खालचं बोटभर नारळाच्या दुधात मुरलेलं आणि ट्रेच्या तळाशी दाट, गोड रस. वाढताना तो उलटा करतात, म्हणजे मुरलेली बाजू वर येते, आणि तळातला उरलेला रस चमच्याने त्यावर घालतात. आपल्याकडचं जवळचं काही सांगायचं तर खापरोळी. जाळीदार खापरोळी गोड रसात बुडवून खाताना ती ओली आहे अशी तक्रार कोणी करत नाही. माझं माहेर वेंगुर्ल्याजवळचं, त्यामुळे मला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, पण मीही तुमच्यासारखीच पावाच्या नजरेने बघत होते.

मी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या दक्षिण भागात राहते. इथे सामोआ या पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरून आलेल्या लोकांची वस्ती मोठी आहे, बेकरीत हे बन फॉइलच्या ट्रेमध्ये रसासकट मिळतात. घरी करायला मला शेजारच्या सामोअन आजींनी शिकवलं. पहिल्या वेळी त्यांनी कणीक माझ्या हाती दिली, आणि रस ओतायची वेळ आली तेव्हा मी पातेलं अर्ध्यावर थांबवलं. बन अक्षरशः पोहायला लागले होते. आजींनी माझ्या हाताखाली हात धरून उरलेलं सगळं ओतलं. म्हणाल्या, “बन पितो. त्याला पिऊ दे.” त्यानंतर मी रस कधी मोजून कमी केलेला नाही.

आता प्रमाण. साडेचारशे ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ५० ग्रॅम साखर, पाऊण चमचा मीठ, एक अंडं, २२० मिलिलिटर कोमट दूध आणि ५० ग्रॅम मऊ लोणी. यात सत्तर ग्रॅमच्या आसपासचे १२ बन होतात. अंडं चालत नसेल तर त्याऐवजी आणखी ५० मिलिलिटर दूध घ्या, फरक थोडा पडतो पण खटकत नाही. दूध खरंच कोमट हवं, बोटाला जेमतेम गरम लागेल इतकंच. कढत दुधात यीस्ट मरतं आणि मग पुढे काहीही करून उपयोग नसतो. लोणी शेवटी घाला. कणीक हाताला किंचित चिकटेल इतकी सैल राहू द्या आणि वरून मैदा भुरभुरत बसण्याचा मोह टाळा. आठ-दहा मिनिटं नीट मळली की ती आपणच गोळा होते. घट्ट कणकेचे बन रस पीत नाहीत, तो नुसता बाहेर साचून राहतो. झाकून दुप्पट फुगू द्या. मुंबईच्या उकाड्यात पाऊण तास पुरतो, इथल्या थंडीत मला दीड तास लागतो.

मग बारा गोळे करून साधारण २३ बाय ३३ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये मांडा. ट्रे निदान पाच सेंटिमीटर खोल हवा, नाहीतर उकळी आली की रस ओव्हनच्या तळाशी जाऊन जळतो. गोळ्यांमध्ये अर्धं बोट अंतर ठेवा. फुगून ते एकमेकांना टेकले की वरचा भाग रसाच्या वर उचलला जातो आणि छान भाजला जातो.

रसाला ४०० मिलिलिटर नारळाचं दूध, १२० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. साखर विरघळेपर्यंत ढवळा, बस्स. विस्तवावर ठेवू नका आणि फ्रीजमधून काढून तसंच गारही ओतू नका, फुगलेली कणीक गारठ्याने बसते. दुसऱ्यांदा फुगल्यावर, ओव्हनमध्ये जायच्या अगदी आधी, ट्रेच्या कडेने आणि बनांच्या मधून ओता. थोडं डोक्यावरूनही जाऊ दे. रस बनांच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत किंवा जरा वर यायला हवा. काही घरांत रस आधी ओतून त्यात गोळे मांडतात आणि तसेच फुगवतात. तेही चालतं. मी नंतर ओतते कारण किती वर आला ते नजरेला दिसतं.

तुमच्या रसाला तेल का सुटलं, ते नीट समजून घ्या, कारण दुखणं तिथेच आहे. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि दुधातलीच प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. फार वेळ उकळलं की प्रथिनांची पकड सुटते, थेंब एकत्र येतात आणि तेल वेगळं होतं. सोलकढी गरम करताना घरात सगळे धास्तावतात, ते याच भीतीने. ओव्हनमध्ये ट्रेच्या कडा आधी तापतात, म्हणून तेल आधी कडेला दिसतं. पहिल्या अर्ध्या तासात हे सहसा होत नाही, कारण बनांच्या अंगचा स्टार्च रसात उतरतो, फुलतो आणि रसाला दाटपणा देऊन धरून ठेवतो. म्हणून वेगळं कॉर्नफ्लोअर लागत नाही. तुमच्या जादा पंधरा मिनिटांत मात्र रस इतका आटला की धरून ठेवायला पाणीच उरलं नाही.

डब्यातलं दूध घ्यावं की घरचं? डब्यातल्या किंवा खोक्यातल्या दुधात बहुधा स्थिरक (तेल-पाणी वेगळं होऊ न देणारे पदार्थ) घातलेले असतात, ते फुटायला वेळ लावतं. फक्त कमी चरबीचं म्हणून विकतात ते घेऊ नका, त्याचा रस पाण्यासारखा राहतो. उलट फार दाट मलई असेल तर शंभर मिलिलिटर पाणी मिसळा. घरचं दूध काढणार असाल तर दोन मध्यम नारळ खवून, कोमट पाण्यात वाटून पिळा आणि पहिलं जाड दूध आधी घ्या, ४०० मिलिलिटर भरायला कमी पडेल तेवढंच दुसरं पातळ दूध घाला. या ताज्या दुधात मात्र चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा, ते लवकर फुटतं. चवीला घरचंच दूध सरस, यात मला शंका नाही.

नारळ जून घ्या. हे तर या पदार्थाच्या नावातच आहे. ‘पानी’चा पाण्याशी संबंध नाही, तो इंग्रजी ‘बन’ आहे. सामोअन भाषेत ‘ब’ नाही आणि शब्द स्वरावर संपतात, म्हणून बनचं पानी झालं. ‘पोपो’ म्हणजे जून, खवायचा नारळ, आणि ज्याचं पाणी प्यायचं तो ‘निऊ’. आपलं शहाळं आणि नारळ तसंच. पिळून काढलेल्या जाड दुधाला ते ‘पेएपेए’ म्हणतात. आजींकडे खोबरं खवायचं जे बैठं लाकडी साधन आहे, त्यावर बसायचं आणि पुढे आलेल्या दातेरी पात्यावर नारळाची कवड फिरवायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी न विचारता त्यावर जाऊन बसले. विळीच्या खवणीवर वाढलेल्या बाईला ते कोणी शिकवावं लागत नाही. माझा हात बघून आजी हसल्या आणि दुसरा नारळ पुढे केला. आमची ओळख तिथून पक्की झाली.

मला वाटतं, या बनाची सगळी रीत त्यांच्या जुन्या स्वयंपाकातून आली आहे. सामोआत गहू पिकत नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स १८३० साली सवाईई बेटावर उतरले, आणि पीठ आणि पाव अशाच बाहेरून आलेल्या लोकांबरोबर आणि जहाजांबरोबर आले. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अळूचा कंद आणि निरफणस खाल्ला जातो. तो उकडून नारळाच्या जाड दुधात घातला की त्याला ‘फाआलिफू’ म्हणतात. कोवळी अळूची पानं त्याच दुधात शिजवली की ‘पालुसामी’. म्हणजे कंद, फळ, पान, जे हाती येईल ते नारळाच्या दुधात मुरवायचं ही सवय आधीच होती. पाव आला, तर तोही मुरवला. म्हणून रस हा या बनावर घातलेला वरचा थर नाही. तो काढला तर उरतो तो साधा गोड पाव, आणि तो तर कुठल्याही बेकरीत मिळतो.

भाजणं: १८० अंश, ओव्हन आधी तापवलेला, जाळी मधल्यापेक्षा एक पायरी खाली, २८ ते ३० मिनिटं. लहान ओटीजी असेल तर दोन्ही कॉइल चालू ठेवा आणि वरून रंग लवकर आला तर शेवटी फॉइल झाका. झाले की नाही हे तळाशी बोट लावून बघू नका, तळ कायम ओलाच लागणार. मधला एक बन वरच्या बाजूने उकला. आत धागे सुटे, मऊ दिसले की झाला. पिठूळ, ताणणारा चिकट गोळा दिसला तर तो कच्चा, मग पाच मिनिटं द्या, पंधरा नाही. थर्मामीटर असेल तर बनाच्या मध्यावर ९० अंश पुरे. आणि बाहेर काढल्यावर रस पातळ दिसला तर घाबरू नका. निवताना तो दाटतो आणि बन अजून पितात. निदान वीस-पंचवीस मिनिटं थांबा. तुमची गडबड इथेच झाली असावी असं मला वाटतं.

गूळ घालून बघू का, असंही तुम्ही विचारलंय. नको. खापरोळीचा नारळाच्या दुधातला गुळाचा रस फुटेल या भीतीने आमच्या घरी विस्तवावर चढवत नाहीत, आणि इथे तर तो अर्धा तास उकळणार. शिवाय पानी पोपोचा रस पांढराशुभ्र असतो. वेलचीही नको. नारळ आणि भाजलेला पाव यांचा वास इतका चांगला आहे की त्याच्यावर दुसरं काही नको वाटतं. सोबत चहा चालतो, पण मिळाला तर कोको सामोआ घ्या, भाजून कुटलेल्या कोकोच्या बियांचं काळंकरंद, जरा रवाळ पेय. गोड बनाला तो कडवटपणा फार शोभतो.

आजी हे बन जास्त करून रविवारी करतात, चर्चहून आल्यावरच्या मोठ्या जेवणासाठी. त्या जेवणाला ‘तोओनाई’ म्हणतात. ऑक्टोबरचा दुसरा रविवार तिथे मुलांचा असतो. मुलं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठ केलेलं म्हणतात, आणि त्या दिवशी आधी जेवतात मुलं, मोठी माणसं त्यांना वाढतात. त्या रविवारी आजींच्या ओट्यावर चार ट्रे होते आणि दुपारपर्यंत चारही पुसून खाल्लेले.

उरले तर एक दिवस बाहेर ठेवू नका, विशेषतः आपल्याकडच्या हवेत, नारळाचं दूध आंबतं. फ्रीजमध्ये ठेवले की रस थिजून पांढरा घट्ट होतो, कारण खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. ते खराब झालेलं नाही. ट्रेमध्ये तीन-चार चमचे नारळाचं दूध घालून, झाकून १५० अंशांवर दहा मिनिटं गरम करा. आजी तर मुद्दाम दोन बन मागे ठेवतात, दुसऱ्या दिवशी सकाळी असे गरम करून खायला.